पानाची मागची बाजू

त्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या बाईंना शिक्षकांच्या खोलीत ‘तीनदा बाई’ असं नाव पडलं होतं. कुठलीही गोष्ट त्या वर्गात तीन तऱ्हांनी शिकवायच्या, म्हणून. त्या आत आल्या की खेळाचे सर चहाचा कप पुढे करून म्हणायचे, "घ्या बाई. आधी चहा ऐका, मग बघा, मग हाताळा. प्यायचा राहिला तर मी आहेच." सगळे हसायचे, बाईही हसायच्या. पंधरा वर्षांत थट्टेची सवय झाली होती. शिवाय थट्टा करणारे सरही मनातून ओळखून होते, की तिसरीतून वर गेलेलं पोर गणिताला घाबरत नाही ते ह्याच बाईंमुळे.

बाईंच्या वर्गात बत्तीस मुलं होती. सब घोडे बारा टक्के हा न्याय त्यांना मुळीच मान्य नव्हता. ‘अर्धा आणि पाव’ शिकवायचं असलं तर त्या आठ दिवस आधीपासून तयारीला लागायच्या. काही मुलांनी कागदाची पट्टी दुमडून अर्धा करायचा, काहींनी पेल्यात पाणी ओतून बघायचा, आणि काहींनी गोष्टीतून ऐकायचा. गोष्टीत दोन बहिणी, एक चादर आणि रोजची ओढाताण. शेवटी उत्तर ज्याला जसं जमेल तसं द्यायचं. लिहून, बोलून किंवा करून दाखवून.

एक मुलगा उजव्या कानाने ऐकत नसे. त्याची जागा अशी, की बहिरा कान भिंतीकडे आणि चांगला कान वर्गाकडे. भिंगरी नावाची एक पोर दहा मिनिटांच्या वर बाकावर टिकत नसे, म्हणून वह्या वाटणं, फळा पुसणं, खिडक्या उघडणं ही सगळी कामं तिची. ‘मुनीम’ तोंडी हिशेबात मोठ्यांना हरवायचा, पण कागदावर सत्तावीसचे बहात्तर करायचा. आणि मैना. मैनेचं तोंड सकाळी उघडलं की शाळा सुटेपर्यंत मिटत नसे. एकदा ऐकलेली गोष्ट ती हावभावासकट सांगायची. पण पुस्तक समोर धरलं की ओळी एकमेकींत शिरायच्या आणि ती गप्प व्हायची. बाईंनी तिला पुठ्ठ्याला खाच पाडून दिली होती. खाचेतून एकच ओळ दिसायची. त्या ओळीपुरती मैना वाचायची, मग पुठ्ठा खाली सरकवायची.

हे सगळं लक्षात ठेवण्यासाठी बाईंची एक जाड वही होती. एका मुलाला एक पान. पानाच्या पुढच्या बाजूला मुलाचं कुठे अडतं ते, आणि मागच्या बाजूला त्याला वाट कशी काढून द्यायची ते. मागची बाजू नेहमी जास्त भरलेली असायची. ही युक्ती बाईंची स्वतःची नव्हती. ती त्यांना मोठ्या बाईंकडून मिळाली होती.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. तीस वर्षांपूर्वी त्या मुख्याध्यापिका नव्हत्या, आणि ‘तीनदा बाई’ तिसऱ्या बाकावरची एक तोतरी पोरगी होती. बोलताना जीभ अडायची. पहिल्या अक्षरावर अडकली की अडकलीच. वर्ग खदाखदा हसायचा आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एक दिवस मोठ्या बाईंनी तिच्या हातात खडू दिला आणि म्हणाल्या, "बोलू नकोस. लिही." तिने फळ्यावर उत्तर लिहिलं. बरोबर होतं. त्या दिवसानंतर तिचं उत्तर कायम फळ्यावर, आणि वर्ग चिडीचूप. जीभ पुढे वयाबरोबर सुटली, पण त्या खडूचं ऋण बाई विसरल्या नाहीत. शिक्षिका झाल्या त्यासुद्धा त्याच्यापायी. नवरा घरी चिडवायचा, "आमचं काय, आम्ही नुसते माणूस. देव तुझा शाळेत बसतो."

त्या वर्षी मैनेचा घरचा अभ्यास कोरा यायला लागला. एक दिवस, दोन दिवस, मग रोज. बाईंनी ठरवलं, घरीच जाऊन बघावं.

मैनेची आई कपडे शिवायची; सगळे तिला ताई म्हणत. रस्त्याच्या बाजूला एक खोली, तिच्यात मशीन आणि कापडांचे गठ्ठे. मागे पडदा, पडद्यामागे घर. नवरा परगावी कामाला. बाई गेल्या तेव्हा ताई एका झग्याची उसवलेली शिवण धरून बसल्या होत्या.

"अभ्यास घ्यायला वेळ नाही होत का?" बाईंनी विचारलं.

ताईंनी मशीनचं चाक थांबवलं. बाहेर कोणी नाही ना ते पाहिलं. मग पडदा ओढून घेतला, अगदी आतून कोणी ऐकेल अशा भीतीने.

"बाई, मला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "एक अक्षर नाही."

"पण मापं?"

ताईंनी मापांची वही पुढे केली. तिच्यात गोल, काठ्या, फुल्या आणि चंद्रकोरी होत्या. "गोल म्हणजे छाती. आडवी काठी म्हणजे कंबर. गिऱ्हाइकांना वाटतं शिवणकामाची भाषा असते अशी. कोणाला माहीत नाही बाई. माझ्या नवऱ्याला आणि आता तुम्हाला. उद्या बाहेर कळलं तर लोक कापड देतील का माझ्याकडे? म्हणतील, अडाणी बाई, पावती काय करणार, माप काय लिहिणार?"

"माझ्यापाशी राहील," बाई म्हणाल्या. आणि ते मनापासून म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. लिहावं की नाही, असं मनात आलंच. पण पुढल्या वर्षी चौथीच्या बाईंना हे ठाऊक नसलं तर पुन्हा कोऱ्या वह्या, पुन्हा पोरीला बोलणी. म्हणून लिहिलं. मैनेच्या पानावर पुढच्या बाजूला: ‘ओळ हरवते. आईला वाचता येत नाही, त्यामुळे घरी अभ्यास होत नाही.’ आणि मागच्या बाजूला: ‘घरचा अभ्यास तोंडीच द्यायचा. गोष्ट ऐकून आईला सांगायची. कापडाचं माप घेताना अर्धा, पाव, पाऊण आईकडून शिकायचं. आईचा हिशेब पक्का आहे. आई ही मैनेची सगळ्यांत चांगली शिक्षिका होऊ शकते.’ शेवटच्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली.

त्यानंतर मैनेचा अभ्यास यायला लागला. पाठीवर हात बांधून ती वर्गासमोर उभी राहायची आणि आईने सांगितलेलं सांगायची. पाव मीटर अस्तर किती, अर्ध्या मीटरमध्ये किती खिसे.

दोनेक महिने असे गेले. मग एका गुरुवारी मोठ्या बाईंनी तीनदा बाईंना बोलावलं.

"तुझी ती वही," त्या म्हणाल्या, "दोन दिवस दे गं. बाकीच्यांना दाखवायची आहे. वर्ग कसा आखावा ते जरा शिकू दे त्यांना."

बाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी वहीला नवं वेष्टन घातलं आणि ती स्वतःच्या हाताने नेऊन दिली.

सोमवारी वर्गात शिरल्या तर बाकांची एक रांग नव्हती. तेवीस मुलं बसली होती. भिंगरी नव्हती, मुनीम नव्हता, मैना नव्हती. भिंतीकडे बहिरा कान करून बसणारा नव्हता.

"बाकीचे कुठे आहेत?"

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, ते मागच्या खोलीत गेले. मोठ्या बाईंनी नेलं. ते आता वेगळे झाले."

मागची खोली म्हणजे मैदानापलीकडची सामानाची खोली. मोडकी बाकं, खेळाच्या जाळ्या आणि एक उंचावरची खिडकी. तिथे नऊ मुलं बसली होती आणि शाळेचे निवृत्त झालेले जुने कारकून फळ्यावर शंभरपर्यंत आकडे लिहून त्यांना उतरवायला लावत होते. बाईंना बघून भिंगरी उठली, तर कारकून म्हणाले, "बस खाली."

बाई धावत मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाईंनी शांतपणे त्यांना बसवलं.

"तुला सांगणारच होते. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. बाहेरची माणसं येऊन तिसरीची परीक्षा घेणार आणि त्यावर शाळेची श्रेणी ठरणार. विशेष वर्गातल्या मुलांचे गुण त्यात धरत नाहीत. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"पंधरा दिवसच?"

"मी तुला कधी खोटं सांगितलंय?"

 सांगायला लाज वाटते, पण बाईंना थोडं हायसंही वाटलं. मोठ्या बाई म्हणतात म्हणजे काहीतरी विचार असेल. पंधरा दिवसांनी सगळं जागच्या जागी येईल. अशी स्वतःची समजूत घालत त्या वर्गात परतल्या आणि तेवीस मुलांना पाढे म्हणायला लावलं.

मधल्या सुट्टीत मैना नळाशी दिसली. बाईंनी हाक मारली. मैनेने वळून पाहिलं आणि तोंड फिरवलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणारी पोर!

"काय गं, काय झालं?"

"आईने सांगितलंय, बाईंशी बोलायचं नाही," मैना नळाकडे बघत म्हणाली आणि पळाली.

शाळा सुटल्यावर बाई सरळ शिवणाच्या दुकानात गेल्या. ताई कापडावर खडूने रेघा ओढत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि खडू खाली ठेवला. मग मशीनच्या खणातून एक पाकीट काढून बाईंच्या अंगावर टाकलं.

"वाचा. मला कुठे वाचता येतं?"

पत्र शाळेचं होतं. शनिवारी नऊ मुलांच्या दप्तरांतून नऊ पाकिटं घरी गेली होती. बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. लिहिलं होतं: ‘वर्गशिक्षिकेने ठेवलेल्या नोंदींनुसार आपल्या पाल्याची वाचताना ओळ हरवते. आईला वाचता येत नाही, त्यामुळे घरी अभ्यास होत नाही. सबब पाल्यास विशेष वर्गात घालण्यात येत आहे.’



"शनिवारी दुकानात तिघीजणी होत्या," ताई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "मैनेने पाकीट दिलं. मला वाटलं, सहलीचं असेल. नेहमीसारखं म्हटलं, डोळे दुखतायत हो, जरा वाचून दाखवता का? त्यांच्यातली एक मोठ्याने वाचायला लागली. मधेच थांबली. मग पुढचं हळू वाचलं. पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं."

"ताई, हे पत्र मी—"

"तुम्ही लिहिलं होतं का नव्हतं, माझं? कुठेतरी लिहिलंच होतं ना?"

"लिहिलं होतं. पण ते मैनेसाठी. शिकवायला सोपं जावं म्हणून."

"मी तुम्हाला कानात सांगितलं होतं, बाई," ताई म्हणाल्या. "कागदावर ठेवायला नव्हतं सांगितलं. काल एकीने कापड परत नेलं. म्हणाली, घाई नाही, नंतर बघू. त्या ‘नंतर बघू’चा अर्थ कळतो मला. तेवढं वाचता येतं."

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. नवऱ्याने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "केसाने गळा कापला गं तुझा."

"माझा नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या हातून त्या ताईंचा कापला."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी त्या मोठ्या बाईंच्या खोलीत उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. पत्र टेबलावर ठेवलं.

"हे मी लिहिलेलं नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा लावला, पत्र वाचलं, चष्मा काढला. "ह्यातला कुठला शब्द तुझा नाही? दाखव."

बाई पत्राकडे बघत राहिल्या. दाखवण्यासारखा शब्द नव्हता. ‘ओळ हरवते’ त्यांचंच. ‘त्यामुळे घरी अभ्यास होत नाही’ हेही त्यांचंच.

"तुम्ही पान उलटलंच नाहीत," त्या म्हणाल्या. "मागे काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"वाचलं. सुंदर लिहिलंस. पण पालकांना कारण द्यावं लागतं, उपाय नाही. उपाय लिहिला तर विचारतील, मग वेगळ्या वर्गात का घालता?"

"मग का घातलंत?"

"शाळा खालच्या श्रेणीत गेली तर बंद होईल म्हणून! एकशे साठ मुलं आहेत. ती रस्त्यावर आली तर तुझी ही नऊ कुठे जाणार आहेत? माझ्या जागी बसून बघ एकदा."

"मला विचारायचं तरी होतंत."

"विचारलं असतं तर दिली असतीस वही?"

"नाही."

"म्हणूनच नाही विचारलं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, की लाजही नव्हती. फळ्यावरचं गणित सोडवून दाखवावं तसं त्यांनी सांगितलं.

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. बाकीच्यांना दाखवायची आहे म्हणून तुम्ही वही मागितलीत. मी वेष्टन घालून दिली. हे सगळं जिभेवर आलं, आणि जीभ अडली. पहिलंच अक्षर. कित्येक वर्षांत झालं नव्हतं ते झालं. "व... व... व..." ओठ थरथरायला लागले, मान झटके घ्यायला लागली.

मोठ्या बाई थांबल्या. पूर्वी थांबायच्या तशाच, घाई न करता. मग त्यांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे सरकवला आणि त्यावर पेन्सिल ठेवली.

"लिही," त्या मऊ आवाजात म्हणाल्या.

ती माया खरी होती, हेच बाईंना सोसवेना. खोटी असती तर कागद फाडून टाकता आला असता. त्यांनी पेन्सिलीला हात लावला नाही. कपाटावर ठेवलेली आपली वही उचलली आणि बाहेर पडल्या.

तपासणीच्या दिवशी रजा टाकावी असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण तेवीस मुलांनी पट्ट्या कापून ठेवल्या होत्या, पेले धुऊन ठेवले होते. त्यांचा काय दोष? शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात आशा होती, की बाहेरून येणारी माणसं तरी बघतील.

तपासणीला आलेल्या बाई वयस्कर होत्या, गळ्यात दोरीला चष्मा. मागच्या बाकावर बसून त्यांनी ‘अर्धा आणि पाव’चा अख्खा तास पाहिला. तास उत्तम झाला, अगदी दृष्ट लागण्यासारखा. पट्टी एकदा दुमडली की सगळ्यांना अर्धा कळला, दुसऱ्यांदा दुमडली की पाव. पेल्यांची गरज पडली नाही. चादरीची गोष्ट ऐकताना मुलं शहाण्यासारखी हसली.

"छान शिकवता," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "पण इतक्या तऱ्हा कशाला? ह्यांना तर पहिल्याच फटक्यात येतंय."

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सावकाश, एकेक शब्द निवडून त्या म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी केल्या, ती मुलं ह्या वर्गात नाहीत. मैदानापलीकडच्या खोलीत आहेत. नऊ जण. मागच्या सोमवारपर्यंत ती इथेच होती."

 तपासणीच्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चला, बघू."

त्या बघायला गेल्या. मागच्या खोलीत आकडे उतरवणं चाललं होतं. मुनीम उभा राहून म्हणाला, "मी तोंडी सांगू का?" आणि कारकून म्हणाले, "गप्प लिही." तपासणीच्या बाई दोन मिनिटं उभ्या राहिल्या. मग त्यांनी हातातल्या तक्त्यावर एक खूण केली.

परत येताना बाई त्यांच्या बरोबरीने चालत होत्या. "लिहिलंत ना?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं. स्वतंत्र सोय आहे असं लिहिलं." मग बाईंचा चेहरा पाहून त्या थांबल्या. "हे बघा, माझ्या तक्त्यात ‘विशेष वर्ग आहे का’ एवढाच रकाना आहे. आहे म्हटलं की पुढचा रकाना. कोणाला का घातलं, ह्याला रकाना नाही. मी काय करू?" आणि खरोखरच काही करता येत नसल्यासारख्या त्या चालायला लागल्या.

शाळेला पहिली श्रेणी मिळाली. शिक्षकांच्या खोलीत टाळ्या वाजल्या. मोठ्या बाईंनी चार शब्द बोलताना तिसरीच्या तासाचं नाव घेतलं. खेळाच्या सरांनी चहाचा कप पुढे केला, पण थट्टा केली नाही.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. नऊ मुलं मागच्या खोलीतच राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी होती ना! तेव्हा बाईंनी एक अर्ज लिहिला आणि मोठ्या बाईंसमोर ठेवला. मला मागच्या खोलीतला वर्ग द्यावा.

"स्वतःला शिक्षा करून घेतेस का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही."

"माझ्यावर राग काढतेस?"

बाईंनी अर्ज आणखी पुढे सरकवला. मोठ्या बाईंनी सही केली, अर्ज परत देताना हात किंचित पुढे केला, आणि बाईंनी अर्जाचं टोक धरून तो ओढून घेतला. त्यानंतर दोघींमध्ये कामापलीकडचं बोलणं झालं नाही.

मागच्या खोलीत आता सातच मुलं होती. एकाचं कुटुंब गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलं होतं आणि मैनेला तिच्या आईने शाळेतून काढलं होतं. बाईंनी पहिल्या दिवशी जाळ्या बाहेर काढल्या, खिडकी पुसली, बहिऱ्या कानाच्या मुलाला भिंत दाखवली. पण वही उघडवेना. लिहायला बसलं की हात थांबे. नाही लिहिलं तर त्याचीही किंमत मुलंच मोजत. एकदा त्यांनी मुनीमला लेखी उदाहरणं दिली आणि तो रडवेला झाला, तेव्हा कुठे त्यांना आठवलं.

शेवटी एका रविवारी त्यांनी पात्याने वहीतली नऊ पानं कापली आणि एकेका घरी गेल्या. काय झालं ते सांगितलं, पान हातात दिलं आणि म्हटलं, दोन्ही बाजू वाचा. एका घरी दार अर्धंच उघडलं आणि पान घेऊन मिटलं. भिंगरीच्या आजोबांनी त्यांना पाणी दिलं आणि विषय काढू दिला नाही. मुनीमचे वडील गाडीवर भाजी विकायचे. त्यांनी पान पुढून वाचलं, मागून वाचलं, पुन्हा पुढून वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत तेव्हाच का नाही दाखवलंत?" त्यांनी विचारलं. "आमच्याच पोराबद्दल होतं की."

 हा प्रश्न मोठ्या बाईंवर ढकलण्यासारखा नव्हता. तिथून निघताना बाई म्हणाल्या, "पुढे लिहीन तेव्हा आधी तुम्हाला विचारीन." त्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

शिवणाचं दुकान बाईंनी सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. गठ्ठे पूर्वीपेक्षा कमी होते. ताई मशीनवर होत्या; त्यांनी बसा म्हटलं नाही, तसं जा असंही म्हटलं नाही. मैना नव्या शाळेतल्या मैत्रिणीकडे खेळायला गेली होती. ती तिथे कशी आहे, हे विचारायचा बाईंना धीर झाला नाही.

बाई गठ्ठ्याच्या कडेला टेकल्या आणि मैनेचं पान वाचायला लागल्या. हळू आवाजात, दाराकडे पाठ करून. पुढची बाजू वाचली, काही न गाळता. मग मागची. ‘आईचा हिशेब पक्का आहे. आई ही मैनेची सगळ्यांत चांगली शिक्षिका होऊ शकते.’ इथे मशीन थांबलं.

"असं लिहिलंय?"

"हो. खाली रेघसुद्धा मारली आहे. ही बघा."

ताईंनी वाकून पान पाहिलं. रेघ पाहिली. तिच्या वरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग बोट काढून घेतलं.

"तुम्ही जे वाचलंत तेच इथे आहे, हे मला कसं कळायचं, बाई?" त्यांनी विचारलं.

त्या टोचून बोलत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. आणि बाईंना कळलं, की ह्यावर आपल्यापाशी काही नाही. शपथ घेतली तरी तीही तोंडचीच.

"दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या," त्या म्हणाल्या.

"दुसऱ्यांकडून वाचून घेतलं होतं की एकदा."

ताईंनी पान घेतलं, दोन घड्या घातल्या आणि मापांच्या वहीत ठेवलं. कशासाठी ते सांगितलं नाही. एवढ्यात बाहेर पायरीवर पावलं वाजली. ताई चटकन उठल्या.

"आता निघा. गिऱ्हाईक येतंय."

बाई उठल्या. दारात एक बाई कापडाची पिशवी घेऊन उभी होती. तिने वाट दिली. रस्त्यावर उतरताना बाईंना मागून तिचा प्रश्न ऐकू आला, "कोण गं ह्या?"

"कोणी नाही," ताई म्हणाल्या. "मैनेच्या आधीच्या शाळेतल्या बाई." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.